‘विकून टाका एकदाचं!’

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डेची सुट्टी असते. तिच्या आदल्या रविवारी संध्याकाळी नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या गावात गाड्यांची ६०० मैलांची शर्यत असते. ट्रॅकचं नाव शार्लटचं, जागा मात्र कॉन्कर्डची. दीड मैलाचा ट्रॅक, ४०० लॅप्स. शर्यत उन्हात सुरू होते आणि दिव्यांच्या उजेडात संपते. माझ्या शेजारी राहणारे आजोबा पायाशी कूलर घेऊन बसतात. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १४ इंच; त्याहून मोठा कूलर गेटवर अडवतात. आत बर्फ, सँडविचेस आणि बिअरचे कॅन. कानावर स्कॅनर, म्हणजे ड्रायव्हर आणि पिटमधली (टायर बदलायच्या थांब्यावरची) टीम यांच्यातलं बोलणं ऐकायचं यंत्र. डोक्यावर ३ नंबरची टोपी, कधीकाळी काळी, आता चहाच्या रंगाची. गाड्या सुसाट असताना बोलणं अशक्य. पिवळा झेंडा पडला, गाड्या रांगेत हळू फिरायला लागल्या, की ते एक कान मोकळा करतात आणि दरवर्षीचं वाक्य म्हणतात : यांनी हे विकून टाकावं एकदाचं.

‘यांनी’ म्हणजे फ्रान्स घराण्याने आणि ‘हे’ म्हणजे नॅस्कार.

नॅस्कार ही स्टॉक कार, म्हणजे दिसायला रस्त्यावरच्या मोटारींसारख्या गाड्यांच्या शर्यतींची सर्वोच्च संस्था, असं आपण सहज म्हणतो. पण यात ‘संस्था’ हा शब्द फसवा आहे. आपलं क्रिकेट मंडळ निदान कागदावर तरी राज्य संघटनांचं आहे. नॅस्कार एका घराची खाजगी कंपनी आहे. डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात बैठक झाली, फेब्रुवारी १९४८ मध्ये कंपनीची नोंदणी झाली, आणि तेव्हापासून गादी घरातच आहे. आधी बिल फ्रान्स सिनियर, १९७२ पासून मुलगा बिल ज्युनियर, २००३ पासून नातू ब्रायन. ऑगस्ट २०१८ मध्ये ब्रायन यांना दारू पिऊन गाडी चालवल्याच्या आरोपाखाली अटक झाली (गाड्यांच्या खेळाचा प्रमुख, आणि हा आरोप!) आणि काका जिम फ्रान्स यांनी सूत्रं हाती घेतली. तेही आता ऐंशी ओलांडून गेलेत. घराणेशाहीचं हे चित्र मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात ते पाहायला मिळतं.

विक्रीची कुजबुज नवी नाही. मे २०१८ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली होती की फ्रान्स कुटुंब गोल्डमन सॅक्स या बँकेच्या मदतीने बहुसंख्य हिस्सा विकण्यासह वेगवेगळे पर्याय चाचपून पाहतंय. विक्री झाली नाही. उलट पुढच्याच वर्षी कुटुंबाने इंटरनॅशनल स्पीडवे कॉर्पोरेशन ही ट्रॅक बाळगणारी, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी सुमारे २ अब्ज डॉलर्सना पूर्ण आपलीशी करून नॅस्कारमध्ये विलीन केली. बाहेरचे भागधारक पैसे घेऊन गेले. नियम ठरवणारा आणि जमिनीचा मालक एकच झाला. ग्रँडस्टँडमध्ये तेव्हा याची फारशी चर्चा झाली नाही. तिथे भांडण चालू होतं ते प्लेऑफवर, म्हणजे हंगामाअखेर बाद फेऱ्या घेऊन चॅम्पियन ठरवण्याच्या पद्धतीवर. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतली सगळ्यात महत्त्वाची घटना ती होती. तिच्याकडे परत येतो.

विक्रीचा प्रश्न पुन्हा तापला तो खटल्यामुळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन आणि ड्रायव्हर डेनी हॅमलिन यांची २३ एक्सआय आणि बॉब जेन्किन्स यांची फ्रंट रो या दोन टीम्सनी नॅस्कारवर मक्तेदारीचा दावा ठोकला. भांडण ‘चार्टर’चं होतं. चार्टर म्हणजे प्रत्येक शर्यतीत गाडी उतरवण्याचा हमखास हक्क. असे ३६ चार्टर आहेत. २०१६ पासून ही पद्धत चालू आहे, पण हक्क कायमचा नव्हता, मुदतीचा होता. नव्या करारावर १५ पैकी १३ टीम्सनी सही केली, या दोघांनी केली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये शार्लटच्या न्यायालयात सुनावणी झाली, जॉर्डन स्वतः साक्षीला उभा राहिला, आणि नवव्या दिवशी तडजोड झाली. चार्टर कायमचे झाले.

मात्र तडजोडीच्या आधी खाजगी संदेश चव्हाट्यावर आले. नॅस्कारचे तेव्हाचे आयुक्त स्टीव्ह फेल्प्स यांनी टीम-मालक रिचर्ड चिल्ड्रेस यांना एका संदेशात मूर्ख रेडनेक म्हटलं होतं. रेडनेक म्हणजे गावंढळ, उन्हात मान भाजलेला अडाणी. चिल्ड्रेस म्हणजे ज्यांच्या ३ नंबरच्या गाडीने ड्रायव्हर डेल अर्नहार्टला दैवत केलं ते. आजोबांच्या डोक्यावरची टोपी त्यांचीच. तेव्हा ती शिवी एका कोट्यधीश माणसाला होती हे खरं, पण ऐकू आली ती ग्रँडस्टँडमधल्या प्रत्येकाला. फेल्प्स पद सोडणार असल्याचं जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालं. तरी ‘विकून टाका’चा सूर काही खाली आला नाही.

हा सूर जवळून ऐकला तर लक्षात येतं की तो एक नाहीच. कुणाचा राग प्लेऑफवर होता. २०२४ मध्ये जोई लोगानो चॅम्पियन झाला तेव्हा हंगामभरातलं त्याचं सरासरी स्थान सतराव्या क्रमांकाच्याही मागे होतं. २०२५ मध्ये फिनिक्सच्या शेवटच्या शर्यतीत हॅमलिनने २०८ लॅप्स आघाडी राखली आणि संपायला तीन लॅप्स उरले असताना पडलेल्या पिवळ्या झेंड्याने सगळं धुऊन नेलं. विजेतेपद मिळालं ते त्या दिवशी एकही लॅप आघाडीवर नसलेल्या काइल लार्सनला. कुणाला २०१७ पासून शर्यतीचे मुद्दाम तुकडे पाडतात ते खुपतं. कुणाला आताची गाडी आवडत नाही, इंजिनची ताकद कमी वाटते. आणि एक मोठा गट असा की ज्याला जून २०२० मध्ये ट्रॅकवर कॉन्फेडरेट झेंड्याला, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या झेंड्याला, बंदी घातली ते अजून पचलेलं नाही. ती बंदी मला हवीच होती, आणि ती यायला सत्तर वर्षं लागली याची लाज वाटायला हवी. पण गंमत बघा, ज्याला ती बंदी नको होती तोही ‘विका’ म्हणतो आणि ज्याला नॅस्कार फारच जुनाट वाटतं तोही ‘विका’च म्हणतो. दोघांच्याही डोळ्यांसमोर नवा मालक आहे, आणि तो दोघांनाही आपल्यासारखाच दिसतो. न पाहिलेला मालक हा जगातला सगळ्यात समजूतदार मालक असतो.

दुसऱ्या बाजूला थोडे पण ठाम चाहते आहेत. त्यांचं म्हणणं असं, की घर कसंही असो, ते या खेळातलं आहे. बाहेरचा गुंतवणूक फंड येईल, कर्जाचा बोजा टाकेल, तिकीट वाढवेल, कूलर बंद करेल. घराण्याला निदान परंपरेची चाड आहे.

हा दावा मी आधी बाजूला सारतो, कारण तो पुराव्यावर टिकत नाही. १९६१ मध्ये कर्टिस टर्नरने ड्रायव्हर्सची संघटना बांधायचा प्रयत्न केला. मी ज्या शार्लटच्या ट्रॅकवर बसतो तो उभारणाऱ्यांपैकीच तो एक. ट्रॅकचं कर्ज डोक्यावर होतं आणि टीमस्टर्स या कामगार संघटनेकडून पैसे मिळतील अशी आशा होती. बिल फ्रान्स सिनियरने त्याला जन्मभरासाठी बाद केलं. बंदी उठली १९६५ मध्ये. १९६९ मध्ये टॅलाडेगाच्या नव्या ट्रॅकवर ताशी २०० मैलांच्या आसपास टायरांच्या चिंध्या होऊ लागल्या, तेव्हा रिचर्ड पेटीच्या नेतृत्वाखाली बडे ड्रायव्हर्स निघून गेले. शर्यत उरलेल्यांना घेऊन उरकली. प्रेक्षकांना सांगितलं, आजच्या तिकिटाचा तुकडा जपून ठेवा, पुढच्या शर्यतीला चालेल. चाहत्याची त्या घराने ठरवलेली ही किंमत : एक तिकीट. पुढे २००४ मध्ये डार्लिंग्टनची लेबर डेच्या सुट्टीतली शर्यत, म्हणजे दक्षिणेतल्या लोकांसाठी जवळपास ग्रामदैवताची जत्रा, उचलून कॅलिफोर्नियातल्या फॉन्टानाला नेली. अकरा वर्षांनी, २०१५ मध्ये, परत आणली. आणि त्या फॉन्टानाचं पुढे काय झालं? फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे शेवटची शर्यत झाली आणि चारशेहून जास्त एकर जमीन गोदामं बांधणाऱ्यांना ५० कोटी डॉलर्सहून अधिक रकमेला विकली गेली. दोन मैलांचा तो ट्रॅक ड्रायव्हर्सच्या सगळ्यात आवडत्या ट्रॅकपैकी होता. जुना होऊन खरखरीत झालेला रस्ता, पाच-पाच गाड्या शेजारी शेजारी. उरलेल्या जागेवर छोटा ट्रॅक बांधू, असं सांगितलं होतं. तो अजून कागदावरच आहे. हे कुठल्या फंडाने केलं नाही. घराने केलं.

मग नवा मालक? त्याचाही इतिहास आहे. इंडियानापोलिसचा ट्रॅक १९४५ पासून हल्मन कुटुंबाकडे होता. त्याच घरातल्या टोनी जॉर्जने १९९६ मध्ये इंडीकार या उघड्या चाकांच्या गाड्यांच्या मालिकेचे दोन तुकडे केले आणि ते सांधायला २००८ उजाडलं. २०१९ च्या नोव्हेंबरात रॉजर पेन्स्कीने ट्रॅक आणि मालिका दोन्ही विकत घेतल्याचं जाहीर झालं, तेव्हा चाहत्यांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. माणूस खेळातलाच, शिस्तीचा, पैसेवाला. नॅस्कारच्या चाहत्यांच्या स्वप्नातही खरेदीदार म्हणून हेच नाव सगळ्यात आधी येतं. पण पेन्स्कीची स्वतःची टीम त्याच मालिकेत धावते. २०२४ मध्ये त्या टीमच्या जोसेफ न्यूगार्डनची सेंट पीटर्सबर्गची जीत पुश-टू-पास, म्हणजे इंजिनला थोडा वेळ जास्त ताकद देणारं बटण, नियमबाह्य वापरल्याबद्दल काढून घेतली. २०२५ च्या इंडियानापोलिस ५०० आधी त्यांच्या दोन गाड्यांच्या एका सुट्या भागात फेरफार सापडला. गाड्या रांगेत शेवटी ढकलल्या गेल्या आणि पेन्स्कीला आपल्याच टीमचे तीन बडे अधिकारी काढावे लागले. कारवाई झाली, हे मान्य. पण परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच घरात जेवतात म्हटल्यावर संशय जायचा कसा?

फॉर्म्युला वनचं उदाहरण जास्त सरळ आहे. २०१७ मध्ये लिबर्टी मीडिया या अमेरिकी कंपनीने ती मालिका घेतली आणि धंदा म्हणून सोनं केलं. इंटरनेटकडे तुच्छतेने बघणाऱ्या आधीच्या सर्वेसर्वा बर्नी एक्लेस्टोनच्या काळानंतर मोकळी हवा आली, अमेरिकेत नवा प्रेक्षक मिळाला, मायामी आणि लास व्हेगास आले, २०१७ च्या २० शर्यतींच्या २०२४ मध्ये २४ झाल्या. पण जर्मनीत २०२० नंतर एकही शर्यत नाही. नवा प्रेक्षक येतो तेव्हा जुन्याला कुणी हाकलत नाही, फक्त त्याच्या खुर्चीची किंमत वाढते. लिबर्टीला मी दोष देत नाही. त्यांनी घेताना जे वचन दिलं ते भागधारकांना दिलं होतं, आणि ते पाळलं.

इथे मला गिरणी आठवते. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साचे चालवायचे; त्यामुळे अर्नहार्टचं जन्मगाव कॅनापोलिस इथून काही मैलांवर आहे आणि ते गिरणगाव होतं हे कळलं तेव्हा मी एका रविवारी मुद्दाम बघायला गेलो. डेलचा बाप राल्फ अर्नहार्टही गाड्या पळवण्याआधी कापडगिरणीतच कामाला होता. गाव कॅनन घराण्याचं. गिरणी त्यांची, कामगारांची घरंही कंपनीची. १९८२ मध्ये, म्हणजे आमच्याकडे दत्ता सामंतांचा संप सुरू झाला त्याच वर्षी, गिरणी डेव्हिड मर्डॉक या बाहेरच्या गुंतवणूकदाराने घेतली. घराण्याच्या जाचातून सुटलो म्हणणारे तेव्हाही असतीलच. कंपनीची घरं कामगारांना विकली गेली. पेन्शनची योजना मोडून तिच्या जागी एका विमा कंपनीची वार्षिकी, म्हणजे ठरावीक रक्कम देत राहणारी पॉलिसी, घेतली. ती विमा कंपनी १९९१ मध्ये कोसळली आणि निवृत्तांच्या पेन्शनला कात्री लागली. तोवर गिरणी फील्डक्रेस्टकडे गेली होती, १९९७ मध्ये पिलोटेक्सकडे गेली, आणि जुलै २००३ मध्ये कायमची बंद झाली. मी गेलो तेव्हा तिथे गिरणी नव्हती. देखण्या विटांच्या संशोधन संस्था होत्या, हिरवळ होती, रविवारमुळे सामसूम होती. मला लोअर परळ आठवलं, फक्त मॉल नव्हता.

आणि लोअर परळने शिकवलेलं एवढंच, की मालक कोण यावर आपण भांडत बसलो आणि निकाल लागला तो एका नियमात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या विकल्या जाणाऱ्या जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळणार होता. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली : वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त रिकाम्या जमिनीची. चार शब्दांचा फरक. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. मालक तेच राहिले, काही बदलले. कामगारांना फरक पडला तो त्या चार शब्दांचा.

म्हणून २०१९ च्या विलीनीकरणाकडे बघा असं मी म्हणत होतो. उद्या नॅस्कार कुणी घेतलं तर त्याला तीन गोष्टी मिळतात. पहिली प्रक्षेपणाचे हक्क : २०२५ ते २०३१ या सात वर्षांचे ७.७ अब्ज डॉलर्स, करारात बांधलेले. दुसरी टीम्स : त्यांचे हक्क आता कायमचे, म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढणं अवघड. एक चार्टर २०१८ मध्ये सुमारे ६० लाख डॉलर्सला गेला होता, २०२३ मध्ये सुमारे ४ कोटींना गेला. तेव्हा जपावं असं त्यांच्याकडे काहीतरी आहे आणि ते जपायला वकीलही आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे जमीन. डेटोनापासून मार्टिन्सव्हिलपर्यंत डझनभर ट्रॅक्स, भोवती शेकडो एकर पार्किंग, वर्षातून दोन आठवडे भरणारं आणि एरवी गवत वाढणारं. कर्ज काढून खरेदी करणाऱ्याला हप्ता कशातून फेडावासा वाटेल? पहिल्या दोन गोष्टींना करार आहे. तिसरीला फॉन्टाना आहे.

चाहत्यांनी विक्रीवर हो-नाही करत बसण्यापेक्षा अटींवर बोलावं असं मला वाटतं, ते यासाठी. ‘तू ना सभासद, ना भागधारक, तू कोण अटी घालणारा?’ हा प्रश्न रास्त आहे. नॅस्कारची स्वतःची फॅन कौन्सिल आहे, पण ती मतं विचारते, मत देऊ देत नाही. खाजगी मालमत्तेच्या व्यवहारात प्रेक्षकाला नकाराधिकार मिळणार नाही, मिळूही नये. उद्या शेजारच्या आजोबांच्या हाती वेळापत्रक दिलं तर ते ३८ आठवडे ब्रिस्टलच्या ट्रॅकवरच शर्यत घेतील.

पण चाहता करदाताही असतो. नॉर्थ विल्क्सबरोचा ट्रॅक १९९६ मध्ये बंद पडला, कारण नव्या मालकांनी तो घेऊन त्याच्या दोन तारखा टेक्सास आणि न्यू हॅम्पशायरला पळवल्या. पत्रे उडालेल्या स्टँडमध्ये झाडं उगवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याने केंद्राकडून आलेल्या मदतनिधीतून त्याच्यासाठी १.८ कोटी डॉलर्स ठेवले, आणि मे २०२३ मध्ये तिथे पुन्हा कप मालिकेच्या, म्हणजे नॅस्कारच्या अव्वल मालिकेच्या, गाड्या धावल्या. ट्रॅक उघडणारा मार्कस स्मिथ हा बंद करणाऱ्या ब्रूटन स्मिथचाच मुलगा, हा घराणेशाहीचा आणखी एक मासला. मी तेव्हा खुश होतो, आजही आहे. पण सार्वजनिक पैसा गेला की तो खेळ तेवढ्यापुरता सार्वजनिक होतो. राज्याने, काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) पैसा देताना, रस्ता रुंद करताना, कर माफ करताना लिहून घ्यायला हवं : इतकी वर्षं शर्यत इथे होईल, जमिनीचा वापर बदलायचा तर आधी आमच्याकडे याल, तारीख पळवलीत तर पैसा परत. मालक कुणीही असो, हे कागद जमिनीला चिकटून राहतील असे करता येतात.

इंग्लंडने तर याचा कायदाच केला. २०२१ मध्ये बड्या फुटबॉल क्लब्सनी वेगळी सुपर लीग काढायचा घाट घातला, लोक रस्त्यावर आले, आणि त्यातून २०२५ चा फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्ट आला. क्लबचा मालक चाहते निवडत नाहीत, पण मैदान विकायला नियामकाची परवानगी लागते आणि बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायला चाहत्यांची. अमेरिकेत असा कायदा होईल असं मला अजिबात वाटत नाही. इथे ‘नियामक’ म्हटलं तरी आजोबांना ठसका लागतो. मात्र काउंटीच्या सभेत उभं राहून तीन मिनिटं बोलायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. आणि ओरड अगदीच वाया जाते असंही नाही. चाहते वर्षानुवर्षं बोंबलले म्हणूनच २०२६ पासून बाद फेऱ्यांचं प्लेऑफ गेलं आणि शेवटच्या दहा शर्यतींच्या एकत्रित गुणांवर चॅम्पियन ठरवायची जुनी पद्धत परतली. छोट्या ट्रॅक्सवर इंजिनची ताकद ७५० हॉर्सपॉवर झाली. घर तेच होतं. मग तोच आवाज जमिनीच्या कागदांसाठी का लावू नये?

एकदा, दोनशेव्या लॅपच्या आसपास पिवळा झेंडा पडला असताना मी आजोबांना विचारलं, समजा विकलंच, तर कुणाला विकायचं? त्यांनी बराच वेळ विचार केला. गाड्या पिटमध्ये शिरल्या, टायर बदलून बाहेर पडल्या, झाडणारी गाडी रबराचे तुकडे उडवत गेली. मग त्यांनी पायाने कूलर किंचित पुढे सरकवला आणि म्हणाले, “जो हा आत आणू देईल त्याला.”

“तेवढं लिहून घ्या मग त्याच्याकडून,” मी म्हटलं.

ते काहीतरी बोलले, पण तेवढ्यात हिरवा झेंडा पडला आणि चाळीस इंजिनांनी ते वाक्य खाऊन टाकलं. त्यांनी स्कॅनर पुन्हा कानावर ओढला आणि एक कॅन माझ्या हातात दिला.